गणित ऑलिंपियाड

गणित ऑलिंपियाड ही शालेय व कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी घेतली जाणारी गणिती प्रश्न सोडवण्याची स्पर्धा होय. या स्पर्धेचा सर्वोच्च टप्पा म्हणजे दरवर्षी एका नव्या देशात भरणारे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड. त्यासाठी प्रत्येक देश जास्तीत जास्त सहा विद्यार्थ्यांचा संघ पाठवतो. भारतात हा संघ अनेक टप्प्यांच्या परीक्षांमधून निवडला जातो आणि त्या निवडीचे मुख्य केंद्र मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे आहे. शालेय परीक्षेत प्रामुख्याने उत्तर अचूक आहे की नाही हे तपासले जाते, तर ऑलिंपियाडच्या वरच्या टप्प्यांवर ते उत्तर खरे का आहे याची संपूर्ण सिद्धता लिहावी लागते. या एका फरकामुळे स्पर्धेची तयारी, गुणदान आणि तिचा विद्यार्थ्यावर होणारा परिणाम या सर्वच गोष्टी शालेय परीक्षेहून वेगळ्या ठरतात.

शालेय परीक्षेपेक्षा वेगळेपण

१९५९ साली रुमानियात झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पहिला प्रश्न हा फरक समजून घेण्यास उपयुक्त आहे. क ही कोणतीही नैसर्गिक संख्या असली, तरी (२१क + ४)/(१४क + ३) या अपूर्णांकाला आणखी संक्षिप्त रूप देता येत नाही, हे सिद्ध करण्यास त्या प्रश्नात सांगितले होते. क च्या जागी १, २, ३ या संख्या घातल्यास २५/१७, ४६/३१, ६७/४५ असे अपूर्णांक मिळतात आणि यांपैकी एकाचेही संक्षिप्त रूप होत नाही. परंतु अशी शंभर उदाहरणे तपासली तरी सिद्धता होत नाही, कारण विधान सर्वच नैसर्गिक संख्यांविषयी आहे.

सिद्धता अशी देता येते. समजा, एखादी संख्या अंश आणि छेद या दोहोंना निःशेष भागते. तर ती छेदाच्या तिपटीला, म्हणजे ४२क + ९ ला, आणि अंशाच्या दुपटीला, म्हणजे ४२क + ८ ला निःशेष भागेल. म्हणून ती या दोहोंच्या वजाबाकीलाही भागेल. ही वजाबाकी १ आहे. त्यामुळे अंश आणि छेद यांचा १ खेरीज दुसरा सामाईक विभाजक असू शकत नाही. या युक्तिवादाला लागणारे ज्ञान माध्यमिक शाळेतील मसाविच्या धड्यापलीकडचे नाही. कठीण आहे ते तीन आणि दोन या गुणकांनी गुणण्याची कल्पना सुचणे, आणि सुचल्यानंतर ती एकही दुवा न वगळता मांडणे.

केवळ उदाहरणांवर विसंबणे किती धोक्याचे असते, हे ऑयलरच्या एका प्रसिद्ध राशीवरून दिसते. क² + क + ४१ या राशीत क साठी ० पासून ३९ पर्यंतची कोणतीही संख्या घातली, तर प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते. मात्र क = ४० घेतल्यास १६८१ ही संख्या येते आणि ती ४१ चा वर्ग आहे. चाळीस उदाहरणांनी निर्माण केलेला विश्वास एकेचाळिसाव्या उदाहरणाने मोडतो.

इतिहास

शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या आधुनिक गणित स्पर्धांची परंपरा हंगेरीपासून सुरू होते असे मानले जाते. तेथे १८९४ साली ऑटव्होश स्पर्धा सुरू झाली. पुढे विमानविद्येत मोठे कार्य करणारे थिओडोर फॉन कार्मान आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर हे या स्पर्धेच्या विजेत्यांपैकी होते.

१९५९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पूर्व युरोपातील सात देश सहभागी झाले होते. पुढील काळात पश्चिम युरोप, अमेरिका, आशिया आणि आफ्रिका येथील देशही त्यात आले. १९८० चा अपवाद वगळता ही स्पर्धा दरवर्षी भरली आहे. २०२४ साली इंग्लंडमधील बाथ येथे झालेल्या स्पर्धेत १०८ देशांचे ६०९ विद्यार्थी सहभागी झाले.

भारतात राष्ट्रीय पातळीवरील गणित ऑलिंपियाडचा उपक्रम १९८६ साली अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने हाती घेतला. भारताचा संघ १९८९ साली पश्चिम जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९९६ साली, ३७ व्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे यजमानपद मुंबईला मिळाले. त्या वर्षी ७५ देशांचे ४२४ विद्यार्थी मुंबईत आले होते.

भारतातील निवडीचे टप्पे

भारतातील निवडप्रक्रियेची नावे आणि तपशील काळानुसार बदलत आले आहेत. वय, इयत्ता व नोंदणी यांविषयीच्या अटी दरवर्षीच्या परिपत्रकात जाहीर होतात. अलीकडच्या वर्षांतील प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला टप्पा हा भारतीय गणित ऑलिंपियाड पात्रता परीक्षेचा असतो. मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन ही गणित शिक्षकांची संघटना ती घेते. आठवी ते बारावीचे विद्यार्थी तिला बसतात. तीन तासांत ३० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ० ते ९९ यांमधील पूर्णांक असते. या टप्प्यावर सिद्धता लिहावी लागत नाही, मात्र पर्यायही दिलेले नसतात. त्यामुळे पर्याय उलटे तपासून उत्तर गाठण्याची सोय येथे उरत नाही.

दुसरा टप्पा विभागीय गणित ऑलिंपियाडचा. येथून सिद्धतालेखनाला सुरुवात होते. तीन तासांत सहा प्रश्न दिले जातात आणि प्रत्येकाचे सविस्तर उत्तर लिहावे लागते. शालेय गणितात सातत्याने पूर्ण गुण मिळवणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना याच टप्प्यावर पहिल्यांदा कोरे पान द्यावे लागते.

तिसरा टप्पा भारतीय राष्ट्रीय गणित ऑलिंपियाड हा होय. ही परीक्षा जानेवारीत घेतली जाते आणि तिचा कालावधी अलीकडे साडेचार तासांचा आहे. देशभरातून निवडलेले काहीशे विद्यार्थी तिला बसतात आणि त्यांतील गुणानुक्रमे पुढे असलेल्यांना प्रशिक्षण शिबिराचे निमंत्रण मिळते.

चौथा टप्पा हे सुमारे महिनाभराचे उन्हाळी प्रशिक्षण शिबिर असते. तेथे व्याख्याने, प्रश्नसत्रे आणि निवड चाचण्या होतात. त्या चाचण्यांवरून सहा जणांचा संघ ठरतो. संघ परदेशी रवाना होण्यापूर्वी त्याचे आणखी एक छोटे शिबिर घेतले जाते.

‘ऑलिंपियाड’ हा शब्द नावात असलेल्या अनेक खासगी परीक्षाही शाळाशाळांतून घेतल्या जातात. त्यांचे स्वरूप बहुधा पर्यायी प्रश्नांचे असते. सराव म्हणून त्यांचा उपयोग होऊ शकतो. परंतु वर दिलेल्या निवडप्रक्रियेशी त्यांचा संबंध नसतो आणि त्यांतील क्रमांकाने विभागीय किंवा राष्ट्रीय टप्प्यावर प्रवेश मिळत नाही. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी हा फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

अभ्यासविषय

आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा अधिकृत छापील अभ्यासक्रम नाही. तथापि प्रश्न परंपरेने चार शाखांमधून येतात.

बीजगणितात असमानता, बहुपदी, क्रमिका आणि फलन समीकरणे यांचा समावेश होतो. भूमितीत त्रिकोण, वर्तुळ, चक्रीय चौकोन, समरूपता आणि स्पर्शिका यांवर प्रश्न असतात. संख्या सिद्धान्तात विभाज्यता, मूळ संख्या आणि पूर्णांकी उकली असलेली समीकरणे येतात. चौथी शाखा कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे मोजणी, निवड आणि मांडणी यांचे गणित. कलनशास्त्राची आवश्यकता भासेल असे प्रश्न दिले जात नाहीत. त्यामुळे बारावीच्या विज्ञान शाखेचा अभ्यासक्रम पूर्ण झालेला नसलेला विद्यार्थीही या स्पर्धेत मागे राहत नाही.

कॉम्बिनेटोरिक्समधील एक साधे तत्त्व असे आहे: खुराड्यांपेक्षा कबुतरे अधिक असतील, तर किमान एका खुराड्यात दोन कबुतरे बसलेली असणारच. हे विधान इतके उघड आहे की त्याला तत्त्व का म्हणावे असा प्रश्न पडतो. पुढील उदाहरणात त्याचे सामर्थ्य दिसते. १ ते १०० या संख्यांमधून कोणत्याही ५१ संख्या निवडल्या, तर त्यांत ज्यांचा मसावि १ आहे अशा दोन संख्या नक्की सापडतात, हे सिद्ध करायचे आहे. त्यासाठी या संख्यांच्या (१, २), (३, ४), … (९९, १००) अशा ५० जोड्या कराव्यात. निवडलेल्या संख्या ५१ आहेत आणि जोड्या ५०, म्हणून कोणत्या तरी एका जोडीतील दोन्ही संख्या निवडल्या गेल्या असणार. त्या दोन संख्या लगतच्या आहेत. त्यांना भागणारी संख्या त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे १ ला भागेल. म्हणून त्यांचा मसावि १ आहे.

५१ ऐवजी ५० संख्या घेतल्या असत्या, तर हे विधान खरे ठरले नसते. १ ते १०० मधील ५० सम संख्या निवडल्यास कोणत्याही दोघींचा २ हा सामाईक विभाजक असतोच. प्रश्नातील प्रत्येक अट कशासाठी आहे आणि ती काढून टाकल्यास काय होते, हे तपासून पाहण्याची सवय ऑलिंपियाडच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय स्पर्धा सलग दोन दिवस चालते. दररोज साडेचार तासांत तीन प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नाला ७ गुण असतात, म्हणून एकूण गुण ४२ होतात. स्पर्धकाचे वय २० वर्षांपेक्षा कमी असावे लागते आणि त्याने विद्यापीठीय शिक्षण सुरू केलेले नसावे लागते.

सहभागी देश आपापले प्रश्न आधी पाठवतात. यजमान देशाची समिती त्यांतून एक निवडक यादी तयार करते आणि सर्व देशांच्या संघप्रमुखांचे मंडळ त्या यादीतून सहा प्रश्न निश्चित करते. संघप्रमुखांना प्रश्न आधी ठाऊक होत असल्याने परीक्षा संपेपर्यंत त्यांना विद्यार्थ्यांपासून दूर ठेवले जाते. प्रश्नपत्रिकेचे भाषांतर संघप्रमुख करतात आणि विद्यार्थी स्वतःच्या पसंतीच्या भाषेत उत्तरे लिहू शकतो. परीक्षागृहात पेन, पट्टी व कंपास यांसारखी साधने वापरता येतात. गणकयंत्राला परवानगी नसते. पहिल्या अर्ध्या तासात प्रश्नाच्या अर्थाविषयी शंका असल्यास ती लेखी विचारता येते.

पदके साधारण निम्म्या स्पर्धकांना मिळतात. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदकांचे प्रमाण साधारणपणे १ : २ : ३ असे ठेवले जाते. पदक न मिळालेल्या स्पर्धकाने एखादा प्रश्न पूर्ण सोडवून ७ पैकी ७ गुण मिळवले असतील, तर त्याला सन्माननीय उल्लेख दिला जातो. स्पर्धा अधिकृतरीत्या वैयक्तिक असते. देशांची क्रमवारी संघातील सहा जणांच्या गुणांची बेरीज करून लावली जाते.

गुणदान आणि उत्तरलेखन

२०२४ साली सुवर्णपदकासाठी २९, रौप्यपदकासाठी २२ आणि कांस्यपदकासाठी १६ गुण पुरेसे ठरले. दोन प्रश्न पूर्ण सोडवून तिसऱ्यात दोन गुणांइतकी प्रगती करणारा विद्यार्थीही त्या वर्षी पदकविजेता ठरू शकत होता. आपापल्या देशातील सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना तेवढेही जमले नाही. प्रश्नपत्रिकेची रचनाच अशी असते की, बहुतेक स्पर्धकांचे काही प्रश्न सुटत नाहीत. म्हणून या स्पर्धेत न सुटलेला प्रश्न हे नापासाचे लक्षण मानले जात नाही.

गुणदान करताना परीक्षक केवळ शेवटचे उत्तर पाहत नाहीत. सिद्धता पूर्ण असून किरकोळ चूक राहिली, तर एखादा गुण कमी होतो. सिद्धता अपुरी असली, तरी उकलीच्या दिशेने नेणारा महत्त्वाचा टप्पा सिद्ध केला असेल, तर त्याचे गुण मिळतात. याउलट काही उदाहरणे तपासून ‘म्हणून विधान सत्य आहे’ असे लिहिणाऱ्याच्या पदरात क्वचितच काही पडते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक संघाचे प्रमुख व उपप्रमुख आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका घेऊन यजमान देशाच्या समन्वयकांसमोर बसतात आणि चर्चेतून गुण निश्चित होतात. कच्चे काम केलेली पानेही जमा केली जातात, कारण त्यांतील एखादी ओळ गुणपात्र असू शकते.

अशा गुणदानामुळे काही लेखनसवयी विद्यार्थ्याला उपयोगी पडतात. वापरलेल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ प्रथम सांगणे, गृहीत काय धरले आणि सिद्ध काय करायचे आहे हे वेगळे मांडणे, ज्ञात प्रमेय वापरल्यास त्याचा उल्लेख करणे आणि ‘हे उघड आहे’ असे लिहिण्यापूर्वी ते खरोखर उघड आहे का हे तपासणे, या त्यांपैकी प्रमुख होत. भूमितीच्या प्रश्नात आकृतीवर विसंबून केलेला युक्तिवाद बिंदूंची मांडणी बदलताच कोलमडू शकतो, म्हणून शक्य असलेल्या सर्व मांडण्यांचा विचार करावा लागतो.

तयारी

ऑलिंपियाडच्या तयारीत अनेक प्रश्न वेगाने सोडवण्यापेक्षा थोड्या प्रश्नांवर दीर्घकाळ विचार करण्याला महत्त्व दिले जाते. साडेचार तासांत तीन प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. इतका वेळ एकाच प्रश्नासोबत बसण्याची सवय शालेय वेळापत्रकात लागत नाही. ती स्वतंत्रपणे लावून घ्यावी लागते. उत्तर लगेच पाहिल्यास पद्धत समजते, परंतु ती कशी सुचावी हे कळत नाही. लहान संख्या घालून पाहणे, विशेष स्थिती तपासणे, विधान असत्य मानून अप्रत्यक्ष सिद्धतेचा प्रयत्न करणे आणि कृतीच्या प्रत्येक पायरीनंतर कायम राहणारी राशी शोधणे हे प्रश्नाला भिडण्याचे नेहमीचे मार्ग आहेत.

जॉर्ज पोल्या यांचे १९४५ साली प्रसिद्ध झालेले ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक प्रश्न सोडवण्याच्या विचारपद्धतीविषयी आहे. भारतीय विद्यार्थ्यांमध्ये ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक प्रचलित आहे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध असल्याने महागड्या साहित्याविनाही अभ्यास सुरू करता येतो. महाराष्ट्रात, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था शालेय विद्यार्थ्यांसाठी गणिताचे वर्ग आणि ऑलिंपियाड प्रशिक्षण चालवते.

मार्गदर्शनाची उपलब्धता मात्र सर्वत्र सारखी नाही. सिद्धता लिहिता येणे हे ती कोणीतरी वाचून तपासण्यावर अवलंबून असते. आपल्या युक्तिवादातील त्रुटी विद्यार्थ्याला स्वतःला सहसा दिसत नाही. मोठ्या शहरांत असे वाचक शिक्षक, माजी स्पर्धक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या रूपाने मिळतात. लहान गावांतील विद्यार्थ्याला पुस्तक मिळाले तरी वाचक मिळणे कठीण जाते. दोन-तीन विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एकमेकांच्या सिद्धता परीक्षकाच्या नजरेने तपासणे हा यावरील सहज करता येण्याजोगा उपाय आहे.

भारताची कामगिरी

१९९८ साली तैवान येथे भारताने तीन सुवर्ण व तीन रौप्य पदकांसह सातवे स्थान मिळवले. त्यानंतर २०२४ पर्यंत याहून वरचे स्थान भारताला मिळाले नव्हते. २०२४ साली बाथ येथे भारतीय संघाने चार सुवर्ण व एक रौप्य पदक आणि एक सन्माननीय उल्लेख मिळवून चौथे स्थान पटकावले.

मुलींचा सहभाग

आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील स्पर्धकांत मुलींचे प्रमाण दहात साधारण एक इतकेच आहे. ही तफावत लक्षात घेऊन २०१२ साली केंब्रिज येथे युरोपीय मुलींचे गणित ऑलिंपियाड सुरू झाले. त्यात चार मुलींचा संघ असतो. युरोपाबाहेरील देशही या स्पर्धेत पाहुणे म्हणून सहभागी होतात आणि त्यांत भारताचाही समावेश आहे.

इराणच्या मरियम मिर्झाखानी यांनी १९९४ व १९९५ अशी सलग दोन वर्षे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले. दुसऱ्या वर्षी त्यांना ४२ पैकी ४२ गुण होते. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

मर्यादा आणि महत्त्व

ऑलिंपियाडमधील यश आणि गणितातील संशोधन या दोन गोष्टी एकच नाहीत. स्पर्धेतील प्रश्नाला उकल आहे, ती प्राथमिक साधनांनी मिळू शकते आणि काही तासांत मिळू शकते, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. संशोधनात यांपैकी कशाचीच खात्री नसते आणि एका प्रश्नावर वर्षे जाऊ शकतात. स्वतः लहान वयात सुवर्णपदक मिळवलेले गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनीही स्पर्धेतील गणित आणि संशोधनातील गणित यांमधील हा फरक अधोरेखित केला आहे.

१९८८ साली ऑस्ट्रेलियात विचारलेला सहावा प्रश्न या संदर्भात नेहमी सांगितला जातो. अ आणि ब या धन पूर्णांकांसाठी अब + १ ने अ² + ब² ला निःशेष भाग जात असेल, तर तो भागाकार पूर्ण वर्ग असतो, हे सिद्ध करायचे होते. उदाहरणार्थ, अ = २ आणि ब = ८ घेतल्यास ६८ ला १७ ने भागून ४ मिळतात. त्या वर्षी केवळ ११ विद्यार्थ्यांना या प्रश्नात पूर्ण गुण मिळाले. त्या वेळी १३ वर्षांचे असलेले टाओ त्यांत नव्हते. तरीही त्यांना त्या वर्षी सुवर्णपदक आणि २००६ साली फील्ड्स पदक मिळाले. पूर्ण गुण मिळवणाऱ्यांमधील निकुशोर दान हे २०२५ साली रुमानियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. भारतात जन्मलेले व ऑस्ट्रेलियात वाढलेले अक्षय वेंकटेश यांना १९९४ च्या ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळाले होते. २०१८ साली तेही फील्ड्स पदकाचे मानकरी ठरले. स्पर्धेतील क्रमांकावरून पुढील वाटचालीचे भाकीत करता येत नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

राष्ट्रीय ऑलिंपियाडमधील यशाचा काही प्रत्यक्ष लाभही असतो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांसारख्या संस्था गणिताच्या पदवी प्रवेशात या यशाची दखल घेतात. परंतु संघात सहाच जागा असल्याने सहभागी विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सर्वांचा प्रवास वाटेतील कोणत्या तरी टप्प्यावर थांबतो. त्यांच्यासाठी स्पर्धेचे मूल्य पदकावर अवलंबून नसते. एखादे विधान खरे वाटणे आणि ते सिद्ध झालेले असणे यांतील अंतर ओळखण्याची सवय, तसेच न सुटलेल्या प्रश्नासमोर न कंटाळता बसण्याची तयारी, या दोन गोष्टी स्पर्धा संपल्यानंतरही गणितात व गणिताबाहेर त्यांच्या उपयोगी पडतात.